सहाव्या भागातला खुनी

मामाजी,

आठ वर्षांत तुमच्यासमोर तोंड उघडलं न्हाई, म्हणून लिहून ठिवते. तुमी शेतावरून येस्तोवर मी वाशीमला पोचलेली असंन. यांना छापखान्याच्या मागं खोली मिळाली, म्हणून माझा भाऊ डोंगरकड्याहून गाडी घेऊन आला. विचारलं असतं तर तुमी न्हाईच म्हणले असते.

भाकरी टोपल्यात हाय, पिठलं वैलावर. उद्यापासून द्वारकाआत्याबाई रांधतील. त्यांच्या हातचं तिखट असतं, पण गुमान खायचं. काळी गाय दूध चोरून राहिली, तिला घाई करायची न्हाई.

कादंबऱ्या ज्वारीच्या कणगीत हायेत, ते तुमाला ठाऊकच हाय. “असली थेरं या घरात चालायची न्हाईत,” म्हणले तुमी, पण मालेच्या तिसऱ्या भागापासून पानोपानी तुमची तंबाखू सापडून राहिली. पाचवा भाग वरच ठिवलाय. त्यात सरलाचं लगीन मोडतं अन् खुनी काही सापडत न्हाई. आधीच सांगते, पुस्तक आपटू नका.

सहावा भाग अजून बांधून यायचा हाय. पण खुनी कोण ते तुमच्या लेकाला ठाऊक हाय, कारण सहाव्याचे छपाईचे खिळे त्यांनीच जुळवले. मी दोन पत्रं टाकली, मला काही सांगत न्हाईत.

शेती सोडून छापखान्यात गेले म्हणून दोन वर्षं तुमी त्यांच्याशी बोलले न्हाईत. आता येऊन विचारा. तुमाला ते न्हाई म्हणायचे न्हाईत.

गोजर