एक पलंग, दोन पाळ्या

३ ऑक्टोबर, मंगळवार

पलंग अजून गरम! म्हणजे स्वारी आज उशिरा उठली.

मी पावाच्या कारखान्यातून रात्रपाळी करून येतो तोवर तो कामावर गेलेला असतो. तो परतायच्या आत मी निघालेला. एक खोली, एक पलंग, दोन माणसं — आणि अजून एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही! घरमालकिणीची अट एकच: ज्याने त्याने स्वतःची चादर आणायची आणि उठल्यावर गुंडाळून ठेवायची.

फोनवर मात्र आमचं अखंड चालू. मी लिहिलं, 'अरे लेका, पलंग भाजतोस की काय?' उलट आलं, 'तू पाव भाज, मी पलंग. धंदा एकच.' एकटाच खिदळलो.

इतकी गावं झाली, इतकी कामं सोडली — शाळाही तशीच मध्येच सोडली — पण कोणाशी इतकं बोललो नाही. आईचं आजारपण, ती सायकलवाली मुलगी, सगळं सांगून झालंय त्याला.

५ ऑक्टोबर, गुरुवार

मुकादम म्हणाला, बंदरावर माणसं हवीत, येतोस का? माझ्या पायाला भिंगरी. एरवी एव्हाना पिशवी भरली असती. 'विचार करून सांगतो,' म्हणालो. मी आणि विचार!

येताना एका दुकानात पिंजऱ्यातला पोपट दिसला. तो बोलेल म्हणून थांबलो. झोपेचं खोबरं झालं. बोलला नाही मेला.

हां — बंदराचं त्याला कळवलं. उत्तर आलं: 'जायच्या आधी थोबाड तरी दाखव. या रविवारी पहिल्यांदाच दोघांनाही सुट्टी आहे.'

८ ऑक्टोबर, रविवार

कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात गेलो. सगळी तरणी पोरं न्याहाळली. खिडकीशी एक टकले, पांढऱ्या मिशीचे गृहस्थ हात हलवत होते. मागे वळून पाहिलं, कोणाला हात करतायत. मलाच!

बाबांच्या वयाचा माणूस. तोंडातून निघालं, "नमस्कार काका."

झालं. पुढे सगळं 'तुम्ही', 'हो', 'घ्या ना'. ते म्हणाले, "तो मुकादमाचा किस्सा भारी होता हं." मी म्हणालो, "धन्यवाद." धन्यवाद!! सवयीने फोन पाहिला, त्याचं काही आलंय का. येणार कुठून — तो समोर बसला होता.

निघताना म्हणाले, "सांभाळून राहा, बाळ."

उशीवरचे मिशीचे पांढरे केस मी कुत्र्याचे समजायचो. फोनवरच्या त्याच्या फोटोत कुत्रं आहे ना!

९ ऑक्टोबर, सोमवार

काही आलं नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार

लिहिलं, 'काका, तुमची चादर —' पुसलं. 'अरे —' पुसलं. इतके दिवस या माणसाला गाढव म्हणत आलो, काही वाटलं नाही. आता शब्दाच्या आधी मिशी दिसते.

मुकादमाला सांगितलं, शनिवारी येतो बंदरावर. इथे आता आहे काय?

१२ ऑक्टोबर, गुरुवार

झोप येईना. उठलो, तो खिडक्यांच्या काचा बसवतो त्या इमारतीवर गेलो. मला पाहून म्हणाला, "आलायस तर ते टोक धर."

काच धरली. या बाजूला मी, त्या बाजूला तो. भलती जड! हालायची सोय नाही.

"रागावलात का?"

"डावीकडे घे. नाही रे. भाऊ गेला, दोस्त गेले. मला 'अरे' म्हणणारं कोणी उरलं नाही. 'काका' म्हणणारे ढीगभर आहेत. तू लेका म्हणायचास, तेव्हा मला माझं टक्कल आठवत नसे."

म्हणालो, "तोंड पाहिलं की जीभ वळत नाही हो."

"एकदा पाहिलंस. एकदा पाहून काय होतंय? — हळू! कोपरा सांभाळ."

काच चौकटीत बसली. त्याने कडेने लांबीचा मऊ लगदा भरला, अंगठ्याने दाबत दाबत. मी पाहत उभा राहिलो. कामावर जायला उशीर झाला.

१४ ऑक्टोबर, शनिवार

मुकादमाची माणसं बंदराकडे गेली. मी नाही. दिवसपाळी मागून घेतली.

म्हणजे आता दोघांची झोपायची वेळ एक, आणि पलंगही एक! जमिनीवर कोणी झोपायचं यावरून जुंपली. "तुमचं वय बघा," म्हणालो. भडकला. चादर उचलून सरळ फरशीवर पसरायला लागला. मग मीही ओरडलो, तोंडावर — "अरे म्हाताऱ्या, झोप की गुमान वर!"

झोपला. वर.