तिच्या डोळ्यांची उंची

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा रस्त्यावर खडूने चित्रे काढणे, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांचाही मागितला होता, तो त्यांनी हसून नाकारला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकावा इतके माझ्याकडे काही नाहीच. चाळीस वर्षांत नऊशेच्या आसपास चित्रे काढली, पण त्यांतले एकही आज शिल्लक नसल्याने त्यांच्या वाटणीचा प्रश्न येत नाही.

कलम १. खडूंच्या पेट्या, आखणीची दोरी आणि गुडघ्याखाली घ्यायची रबरी गादी बँकेसमोर बसणाऱ्या चित्रकारास द्यावी. मी तापाने फणफणलो होतो त्या आठवड्यात त्याने माझी सावलीची जागा बळकावली. गादी त्याने अवश्य वापरावी. ती मधोमध फाटलेली आहे.

कलम २. धाकटा भाऊ तैलचित्रे काढतो. "दादा, पाणी पडलं की वाहून जाणारं काम कसलं करतोस? माझी चित्रं शंभर वर्षं टिकतील," असे तो मला चारचौघांत ऐकवत आला. टिकतील खरी, सगळी त्याच्याच घरात आहेत. त्याला जागा कमी पडते, म्हणून माझे लोखंडी कपाट त्याला द्यावे.

कलम ३. रस्ताचित्रांच्या स्पर्धेत ज्या परीक्षकांनी जमिनीला चिकटवलेल्या छापील प्लास्टिकला पहिले बक्षीस दिले, त्यांना माझा चष्मा.

कलम ४. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या एकुलत्या एक मुलीस. विनाअट. अट घालायची होती, पण वकीलबाईंनी ती खोडली. ती अट कशासाठी होती, ते सांगतो.

आमच्या कामात खोल विहीर किंवा उभा माणूस दाखवायचा तर चित्र जमिनीवर लांबच लांब ताणून काढतात. मग ठरलेल्या जागी उभे राहून, ठरलेल्या उंचीवरून पाहिले तरच ते खरे वाटते. ती उंची मी कायम माझ्या डोळ्यांची धरत आलो. बायको गेली त्यानंतर महिन्याभराने मी घरासमोरच्या रस्त्यावर तिला काढले, खुर्चीत बसून बटण शिवताना. मुलीसाठीच काढले. मुलगी तेरा वर्षांची, माझ्यापेक्षा फूटभर बुटकी. ठरल्या जागी उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आईचं तोंड चेपलंय."

मी म्हणालो, "टाचा उंच कर."

तिने केल्या. तोल जाऊ लागला, रडू लागली. तिला उचलून घ्यायचे सोडून मी तिला शिकवत बसलो. "चित्र बरोबर आहे. तू चुकीची उभी आहेस."

अठराव्या वर्षी ती शिकायला गेली ती गेलीच. वर्षातून दोनदा फोन करते. आम्ही हवापाण्यावर बोलतो. आज ती अडतीसची आहे आणि तिची उंची मला ठाऊक नाही. बापाला मुलीची उंची माहीत नसावी, याची मला लाज वाटते. मरण्यापूर्वी ते चित्र तिच्या डोळ्यांना दिसेल असे पुन्हा काढायचे आहे. फोनवर उंची विचारावी तर ती "कशाला?" म्हणेल, आणि पुढे माझी दातखीळ बसेल.

म्हणून घर हवे तर आधी येऊन उंची मोजू द्यावी, अशी अट घालणार होतो; ती खोडली गेल्यावर या मजकुराची प्रत मी जिवंत असतानाच तिला पाठवावी, असे मी सांगितले. वकीलबाई म्हणाल्या, "अहो काका, हे मृत्युपत्र आहे, आमंत्रणपत्रिका नाही!" तरी त्यांनी पाठवली. त्यांचे भले होवो.

पुरवणी, सही करण्याच्या दिवशी. मुलगी सकाळच्या गाडीने आली. पिशवी खाली न ठेवता म्हणाली, "वाचलं सगळं. काकापासून परीक्षकांपर्यंत सगळ्यांच्या चुका लिहिल्यास. तुझी कुठंय?"

मी म्हणालो, "लाज वाटते असं लिहिलंय की."

"लाज वाटणं वेगळं. चुकलो म्हण. आणि तिथं लिही, सगळ्यांसमोर."

वकीलबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. मी लिहितो: चित्र चुकले होते. माझी मुलगी बरोबर उभी होती.

तिने ते दोनदा वाचले. मग चपला काढून दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली. "मोज," म्हणाली. जमिनीपासून डोळ्यांपर्यंत चार फूट दहा इंच.

साक्षीदार: १. शेजारचा किल्लीवाला. २. समोरची शिलाईवाली.

स्थळ: घरासमोरचा रस्ता. दिनांक ९ मार्च, सकाळी अकरा.

सही गुडघ्यांवर बसून केली आहे. बोटांना खडू असल्याने कागदावर जागोजागी डाग पडले आहेत, ती खाडाखोड समजू नये.