ओकच्या पानांवरचा पाव

जर्मनी, मंगळवार

माझ्या गुणी स्तेफाला थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, खोलीही उबदार आहे. गाय व्याली का? गुडघे शेकतेस ना?

सकाळी कोर्टात माझी फजिती झाली. लढाईत आईसकट सगळ्या गावाला कोठारात जाळताना बाहेरून कडी घालणारा पोलीस हाच का, असं मला विचारलं. चाळीस वर्षं झाली गं! समोर चाकाच्या खुर्चीत एक टकला म्हातारा. "शपथेवर नाही सांगवत," म्हणाले मी. तो तर म्हणतो, आपलं वेरासोवा गाव त्यानं जन्मात पाहिलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या बाकावर तू भाजून दिलेला पाव फडक्यातून सोडला. तो म्हातारा शेजारीच खुर्चीत होता, टक लावून बघत. रागावू नकोस, पण भुकेल्या नजरेसमोर एकटीनं खायची आपली रीत नाही. मी तुकडा मोडून दिला. दुभाषी बाईनं माझ्यावर डोळे वटारले.

त्यानं तुकडा उलटा केला. खाली उमटलेल्या पानांच्या ठशांवरून बोट फिरवलं आणि आपल्या गावच्या बोलीत पुटपुटला, "ओकची पानं. वेरासोवात सगळ्या बाया कोबीच्या पानावर भाजायच्या. ओकवर फक्त आगाता."

आपल्या आईचं नाव, त्याच्या तोंडून! दुभाषी बाईनं शब्द न् शब्द टिपून घेतला. उद्या मी पुन्हा उभी राहणार आहे, शपथेवर.

मला तो ओळखता आला नाही, स्तेफा. पण त्यानं आईला ओळखलं.

तुझीच,
मारिल्या