उपाशी पट्टीचा गहू

अण्णा, तुमच्या गव्हाचा निकाल तुम्हाला कळवायचा राहून गेला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता सालवडच्या आपल्या चाळीत तुम्हाला ओळखणारी दोन-तीनच घरं उरली आहेत. तरीही हल्ली रोज वाटतं की एकदा तुमच्यासमोर बसून सगळं नीट सांगावं.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तुम्ही बोईसरच्या पूर्वेला, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ते शेत वाट्याने केलंत तेव्हा आई हसली होती. सिन्नरकडचं घर सोडून तुम्ही केमिकलच्या प्लांटवर पाळ्या करायला आलात, आणि पाळ्या संपल्या तर पुन्हा शेतात. भात निघालं की जमीन मोकळी, विहिरीला पाणी, आणि तुम्हाला गहू पेरायचा होता. शेताचे मालक, ज्यांना मी काका म्हणायचे, तुम्हाला म्हणाले, "अण्णा, हितं गहू कोण लावतं? आमी नाय कधी लावला." तुम्ही म्हणालात, "आमच्याकडे लावतात. बघू तर खरं."

मी तेव्हा पालघरला होस्टेलवर राहून एम.एस्सी. करत होते आणि मला प्रयोगासाठी शेत हवं होतं. प्रयोग साधा होता. एकाच वाणाचा गहू, तीन पट्ट्या. एकीला युरिया अजिबात नाही, दुसरीला अर्धा, तिसरीला शिफारशीचा पुरा. मग दाण्यात काय बदलतं ते बघायचं. नुसतं वजन आणि प्रथिनं नव्हे, दाण्यातली अँटिऑक्सिडंट द्रव्यंही. तुम्ही विचारलंत, ती काय असतात? मी म्हटलं, लोखंडाला हवेने गंज चढतो ना, तसं शरीरातही काही होत असतं, ते अडवणारी द्रव्यं. खत वाढलं की ती कमी होतात असं म्हणतात, आणि गव्हात ती मुख्यतः कोंड्यात असतात. हे ऐकून तुम्ही आईकडे बघितलंत, कारण पोळ्या मऊ व्हाव्यात म्हणून ती पीठ बारीक चाळणीने चाळायची आणि कोंडा शेजारच्यांच्या कोंबड्यांना घालायची. आई म्हणाली, "तरीच त्या कोंबड्या धडधाकट आहेत."

मग तुम्ही जो प्रश्न विचारलात तो मी आजही विद्यार्थ्यांना सांगते. तुम्ही म्हणालात, "आमच्या प्लांटमध्ये मालाला हवा लागू नये म्हणून टाकीत नायट्रोजन सोडतात. म्हणजे नायट्रोजन राखण करतो. मग युरियातून तोच दिला तर दाण्यातली राखण कमी कशी होईल?" मी गडबडले. टाकीतला वायू वेगळा, युरियातला नायट्रोजन झाडाचं खाणं, एवढं सांगितलं. पोट भरलेलं झाड पानं आणि प्रथिनं करण्यात गुंततं, आणि उपाशी झाडाला वाढता येत नाही म्हणून ते उरलेली साखर अशी द्रव्यं करण्याकडे वळवतं, असं पुस्तकात लिहिलंय म्हटलं. तुम्ही मान हलवलीत. "पुस्तकात आहे. आपल्या शेतात काय आहे ते बघू."

पहिल्या वर्षीचा तो रविवार मला स्वच्छ दिसतो. मी बांधावर उभी आहे, ऊन कोवळं आहे, आणि जी पट्टी पिवळी असायला हवी ती हिरवी दिसते आहे. तुम्ही विहिरीपाशी हात धुताय. मी विचारते, "अण्णा, ही हिरवी कशी झाली?" तुम्ही लपवाछपवी करत नाही. "मी टाकला. दोन-चार मुठी. दोघींना जेवायला वाढायचं आणि तिसरीला नुसतं बघत बसवायचं, मला ते पाहवेना."

"अण्णा, माझं वर्ष गेलं."

तुम्ही हात पुसू लागलात. काका मध्ये पडले, "पोरी, रागावू नको. त्यांना रोज हितं यावं लागतं, रोज बघावं लागतं." मी तशीच रिक्षा पकडून स्टेशनवर गेले. मार्गदर्शक बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पुन्हा पेरा, दुसरा उपाय नाही. त्यानंतर काही आठवडे मी घरी आले नाही. मग एका दुपारी होस्टेलच्या फाटकाशी तुम्ही उभे, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात आईने दिलेला डबा. पहारेकऱ्याने आत बसायला सांगितलं तरी बसला नाहीत. म्हणालात, "पुढच्या साली पुन्हा लावू. पोत्याला मी हात लावणार नाही. खत काका टाकतील." आणि लगेच निघालात, कारण परतीच्या गाडीची वेळ झाली होती. तुम्ही गेल्यावर मी डबा उघडला आणि तिथेच पायरीवर बसून जेवले.

दुसऱ्या वर्षी तुम्ही शब्द पाळलात. रस्त्याने जाणारे थांबून विचारायचे. तुमचा जुना शिफ्टवाला दोस्त मोटरसायकल उभी करून म्हणाला होता, "अण्णा, ये किनारेवाला क्यों भूखा रखा है?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "लडकी का काम है." पट्टी पिवळी पडत गेली, ओंब्या आखूड आल्या, आणि तुम्ही तिच्याकडे पाठ करून बसायला शिकलात. कापणीला आई, काका, काकू, सगळे होते. तिन्ही ढीग वेगळे वाळवले, वेगळ्या पोत्यांत भरले. उपाशी पट्टीचं पोतं तुम्ही एका हाताने उचललंत आणि खाली ठेवलंत.

नमुने तपासायला वेळ लागला. यंत्र बंद होतं, रसायन संपलं होतं, रांग होती. तुम्ही दर फोनवर विचारायचात, "काय आलं?" आणि मी म्हणायचे, "यायचंय." मग पावसाळा सरता सरता, दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांनी निकाल आला. कागद हातात घेऊन मी सवयीने तुमचा नंबर लावला. फोन आईने उचलला. मी तिलाच सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "त्यांना ऐकायचं होतं गं." 

तर ऐका. उपाशी पट्टीच्या दाण्यात कोंड्यातली ती द्रव्यं खरोखर जास्त निघाली, पण पुस्तक वाचून वाटलं असतं तेवढी नाहीत. पुरं खत मिळालेल्या दाण्यात ती थोडी कमी, मात्र प्रथिनं जास्त, आणि दाण्याला पिवळसर रंग देणारं एक द्रव्य, तेही राखण करणारंच, ते उलट वाढलं होतं. म्हणजे तुमचं अगदीच चुकलं नव्हतं आणि पुस्तकाचंही नाही. अर्ध्या खताच्या पट्टीने धान्य जवळजवळ पुऱ्याइतकं दिलं आणि ती द्रव्यंही बरीचशी राखली. हे एका शेताचं आणि एका हंगामाचं. दुसऱ्या मातीत, दुसऱ्या वाणात वेगळं येऊ शकतं. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग अर्धंच टाकू. तेवढंच पोतं कमी आणाया लागंल." आता त्यांचा मुलगा गहू लावतो, अर्ध्या खतावरच.

मागच्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत एक गृहस्थ आले होते. बिनखताचा गहू पाकिटात भरून विकायचा होता, आणि त्यात अँटिऑक्सिडंट दुप्पट आहेत असं मी लिहून द्यावं ही त्यांची इच्छा. मी तुमचं शेत सांगितलं, तिन्ही पोती सांगितली. म्हटलं, थोडी जास्त असतील, पण दुप्पट लिहून देणार नाही. आणि कोंडा चाळून टाकणार असाल तर तेही लिहू नका. ते नाराज झाले. उठता उठता म्हणाले, "मग मॅडम, तुम्ही स्वतः कुठला गहू खाता?"

मी विषय बदलला. खरं असं आहे, अण्णा, की मी नाक्यावरच्या दुकानातून तयार पिठाचं पाकीट आणते. गहू निवडून दळायला टाकायचा कंटाळा येतो. त्यात कोंडा किती, खत किती, मी कधी वाचूनही बघितलेलं नाही. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही म्हणून लिहायला धजले. तुमच्या तोंडावर सांगता आलं नसतं.