खांद्यावरच्या पट्टीची दुमड

आप्पा, तुम्ही गेल्यापासून जगात अन्याय फार माजलाय. माझ्या जांभळ्या उजेडाच्या टॉर्चला सेल लागतात तीन आणि बाजारात पाकीट मिळतं चारचं. उरलेल्या चौथ्या सेलांनी एक डबा भरलाय. याची दाद कुणाकडं मागायची, तेवढं सांगा.

हा टॉर्च तुमच्या वेळी नव्हता. पलटणीचं नाव छापलेल्या, जवानांच्या खांद्यावरच्या कापडी पट्ट्या तुम्ही नुसत्या भिंगाखाली ओळखायचात. आता मी ओळखतो. टॉर्च मारला की अलीकडचं कापड निळसर चमकतं, महायुद्धातलं काळं आणि गप्प राहतं. संग्राहक माझ्या सहीचा दाखला घेऊन जातात. पण भिंग तुम्ही आक्काला दिलंत. मला मिळालं तुमच्या शिलाईच्या दुकानातलं स्टूल. जुनी पट्टी आली की आधी तिच्या हातात जायची. मी अक्षरं वाचून पलटणीचा सगळा इतिहास सांगत बसायचो. ती पट्टी उलटी करून कडेची दुमड उघडायची, आणि तुमची मान तिच्याकडं बघून डोलायची. एकदा मशीनवरून न उठताच म्हणालात, "तू वाचतोस रं. ती बघती." हे वाक्य मी जेवढं घोकलंय तेवढे पाढे घोकले असते तर बँकेत लागलो असतो.

परवा एका संग्राहकाबरोबर गडमुडशिंगीच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. पट्टी त्यांच्या सासऱ्यांची, महायुद्धातली. मी टॉर्च मारतो, तर पट्टी लग्नाच्या मांडवासारखी झगमगते. "अलीकडची नक्कल" असं लिहून मी सही ठोकली. संग्राहक बाईंकडं असं बघाय लागला, जणू त्यांनीच ती रात्रीत छापली होती. बाई एवढंच म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यास्नी खोटं पाडू नगा, पावणं." पट्टी टेबलावर तशीच टाकून निघून गेल्या.

संध्याकाळी आक्का आली. कुणी न विचारता तिनं भिंग काढलं, दुमड उघडली. आत रंग गडद, बाहेर उन्हानं विटलेला, टाक्यांची भोकं झिजून रुंद झालेली.

"धुतलीय की ही," ती म्हणाली. "खंडेनवमीला पूजेत मांडायच्या आधी धूत असणार. चमकती ती साबणाची पावडर, कापड न्हाय. इचारलंस का त्यास्नी?"

विचारलं नव्हतं. फोन केला. व्हय, बाई म्हणाल्या, लग्न होऊन आल्यापासून दरसाल.

पन्नाशीतला माणूस बहिणीच्या हातातल्या भिंगावर जळत उभा होता, आप्पा. दाखला आहे तसाच राहू द्यावा, कळणार कुणाला, असंही मनात येऊन गेलं.

आज सकाळी नवा दाखला लिहिला. पट्टी अस्सल, महायुद्धातली. संग्राहकाला तसं कळवलं आणि गडमुडशिंगीला जाऊन पट्टी आणि दाखला बाईंच्या हातात दिला. ओळख पटवणाऱ्यांत आधी आक्काचं नाव, खाली माझं. हे पत्र तुम्हाला कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणून इथंच सांगून ठेवतो. माझं नाव जरा मोठ्या अक्षरात आलंय. ते मी तसंच राहू दिलं.