ती धून पारंपरिक नाही

अण्णा, मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं होतं, ते आधी दुरुस्त करते. मी सातवीत असताना तुमची बेंजो पार्टी वरात घेऊन इंदापुरात आमच्या शाळेवरून गेली, त्या दिवशी मी तापानं घरी होते असं मी लिहिलं. मी घरी नव्हते. मधली सुट्टी होती आणि मी शाळेच्या फाटकात उभी होते. तुम्ही लाल टोपी घालून, गाडीवर बटणांचा बेंजो मांडून वाजवत होतात. मला पाहून तुम्ही हसलात. शेजारच्या मैत्रिणीनं विचारलं, "कोण गं ते? तुज्याकडं बघून हसले." मी म्हटलं, "कुणास ठाऊक." आपल्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, आणि शाळेत शिकून मला पहिल्यांदा जमलं ते हे. तुम्ही घरी आल्यावर काही विचारलं नाहीत. पुष्कळ वर्षांनी आई बोलता बोलता म्हणाली की त्यानंतर शाळेच्या वेळेत वरात असली की तुम्ही पार्टीच्या मालकाला सांगून गाडी मागच्या गल्लीनं घ्यायला लावायचात. "तिकडनं सावली हाय," एवढंच कारण द्यायचात.

आता मी बारामतीत एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळते. दिवसभर मुलांची वर्दळ असते. संध्याकाळी खोलीवर आले की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणाशी बोलायचं कारण पडत नाही. दिवाळीनंतर एकदा तिघं जण एक जड अँप्लिफायर उचलून माझ्याकडं आले. त्यांचा रॉक बँड आहे. रॉक म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? तुम्ही लहान असताना परदेशात पोरं गिटारीला वीज जोडून, आवाज फाटेपर्यंत वाढवून गाणी वाजवायची. मध्यंतरी ते मागं पडलं. आता ठिकठिकाणी नवे बँड निघालेत आणि त्यांना तोच जुना आवाज हवा आहे. सगळं गाणं मोबाइलवर बनवता येत असताना ही मुलं जुनी यंत्रं हुडकत फिरतात, आणि सगळ्यांनी एका खोलीत उभं राहून एकदमच वाजवायचं असा हट्ट धरतात. आपल्या जन्माआधीच्या आवाजाची त्यांना एवढी ओढ का लागावी, हे मला आधी कळेना.

मी अँप्लिफायर दुरुस्त केला. आवाज अगदी स्वच्छ निघाला, मला बरं वाटलं. त्यांच्यात सोमेश्वरनगरची एक मुलगी आहे, ती ड्रम वाजवते. ती म्हणाली, "मॅडम, लईच गुळगुळीत झालं की हो. दाढी केल्यावानी. आमाला फाटका पायजे."

"फाटका आवाज म्हणजे बिघाड असतो," मी म्हटलं.

"मग बिघडवा की थोडं!"

तिघंही हसले. मला हसू आलं नाही, कारण तो आवाज मला माहीत होता. तुमच्या कर्ण्याशेजारच्या मोठ्या स्पीकरचा कागद एका खड्ड्यात गाडी आदळून फाटला होता. तुम्ही त्याला पिठाच्या खळीनं वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला आणि तेव्हापासून बेंजोचा सूर चिरकत, गुरगुरत बाहेर पडायला लागला. मालक नवा आणू म्हणाले, तर तुम्ही, "ऱ्हाऊ द्या मालक. फाटल्याबिगर वरात हलत न्हाय." त्या मुलांना जे हवं होतं ते तुम्ही खळीनं चिकटवलं होतं, अण्णा.

पुढच्या रविवारी मी इंदापूरला जाऊन, तुम्ही गेल्यापासून माळ्यावर पडून असलेला तुमचा बेंजो काढला आणि सणसरला घेऊन गेले. तिथं त्यांच्या गिटारवाल्याच्या घरचं खताचं रिकामं गोडाऊन आहे, तिथं ते तालीम करतात. बेंजो कुणाचा असं विचारल्यावर मी म्हटलं, ओळखीतल्या एकांचा. मग त्यांच्या अँप्लिफायरला जोडून, आवाज मुद्दाम फाटेपर्यंत वाढवून, मी तुमची धून वाजवली. वरात वळणावर अडली की तुम्ही वाजवायचात ती, लहानपणी तुमच्या बोटांकडं बघून शिकलेली. वाजवता वाजवता ड्रमवाली आत शिरली, मग बाकीचे. एकदम आलेल्या त्या आवाजानं पत्रे थरथरले. मी किती दिवसांनी कुणाबरोबर काही करत होते.

थांबल्यावर गिटारवाला म्हणाला, "ह्यात एक सूर कुठंच येत नाही. धून त्याच्याजवळ जाते आणि चुकवून निघून जाते." त्यानं तो सूर घालून वाजवून पाहिलं, तर धून मऊ पडली. "हे कुणीतरी मुद्दाम केलंय. डोकं असणार माणसाला."

मी सहा वर्षांची आहे. स्वयंपाकघरात तुम्ही पोत्यावर बेंजो ठेवलाय आणि मी वाटीतली काकवी चाटत त्याच्यावरून पलीकडं जाते आहे. वाटी कलंडते. बटणांच्या फटीतून काकवी आत उतरते. "डोळं काय कपाळात गेलं काय गं?" तुम्ही ओरडता. आयुष्यात मला तेवढंच ओरडला असाल. बाकीची बटणं आईनं कोमट पाण्याच्या फडक्यानं सोडवली. एक मात्र दाबलं की वर येईना. शेवटी तुम्ही ते उपटूनच काढलंत. पडलेल्या दातासारखी जागा राहिली. लग्नसराई तोंडावर होती. दोन दिवस तुम्ही चुलीपाशी बसून त्या खिंडारापर्यंत यायचात आणि परत फिरायचात. आई वैतागून म्हणाली, "एकाच जागी काय घुटमळताय वो? पुढं तरी जावा." तुम्ही म्हणालात, "पुढं वाट न्हाय. वळसा घालतोय." तिसऱ्या दिवशी धून झाली होती.

एवढं सगळं मला माहीत होतं. आणि गिटारवाल्यानं विचारलं, "कुणाची आहे ही?" तेव्हा मी म्हटलं, "पारंपरिक आहे."

ते सहज तोंडून गेलं, असं मला लिहायचं होतं. सहज गेलं नाही. तुमचं नाव घेतलं तर बेंजो कुणाचा हेही सांगावं लागलं असतं, म्हणून मी अर्धा क्षण विचार करून तो शब्द निवडला. त्यांनी विश्वास ठेवला. गाणं रेकॉर्ड झालं. शुक्रवारी ते सगळ्यांसाठी नेटवर टाकणार आहेत आणि त्याखाली लिहिलंय, 'धून : पारंपरिक'. एकदा असं बाहेर पडलं की ती धून कुणाचीच राहणार नाही. उद्या दुसरे बँड ती वाजवतील, आणि ती कुठून आली असं विचारायचं कुणाला सुचणारही नाही. डीजे आल्यावर तुमची पार्टी मोडली, त्याला मी जबाबदार नव्हते. याला आहे.

आईला फोन केला. ती म्हणाली, "मग लिव की त्यांचं नाव. कवा कुठं लिवलं व्हतं? गाडीवर बी मालकाचंच व्हतं." आणि पुढं म्हणाली, "आन् नुसतं अण्णा लिवू नगं. पुरं लिव."

फोन ठेवल्यावर मी तुमचं पूर्ण नाव कागदावर लिहिलं. शाळेपासून प्रत्येक अर्जावर मी ते माझ्या नावाच्या मधे लिहीत आले. नुसतं तुमचं, सुरुवातीला तुम्ही आणि मग आडनाव, असं बहुधा पहिल्यांदाच लिहिलं. तुम्हाला ते वाचता आलं नसतं, हेही लिहिताना लक्षात आलं. हे पत्रही वहीतच राहील.

आज मंगळवार. तालीम उद्या आहे आणि परवा. उद्या मला काम आहे असं मी त्यांना कळवून टाकलंय. काम काही नाही, अण्णा, उद्या माझी हिंमत व्हायची नाही. गुरुवारी साडेपाचला, वाजवायला सुरुवात करायच्या आधी, सांगेन.