तुफानचा खुराक

१ डिसेंबर २०२४, रविवार. पहाटे ५.१०
नवीन वही. जुन्या वहीत मधमाश्या पाळल्या होत्या. तो विषय संपला. चूक माश्यांची होती.

फौजेतून रिटायर होऊन चौदा महिने झाले. बाकीचे रिटायर लोक पारावर बसतात. मला बसवत नाही. बसलो की पाय हलतो.

नवी मोहीम सापडली. लोणंदच्या पुढे एक कृषी पर्यटन केंद्र बंद पडलंय. मालक पुण्याला निघून गेला आणि पोरांच्या फोटोसाठी आणलेले दोन मिनिएचर घोडे तिथेच राहिले. कमरेएवढी उंची. वॉचमनला आठवण झाली तर पाणी. परवा स्वतः पाहून आलो. बरगड्या मोजता येतात. खूर वाढून मोजडीच्या टोकासारखे वर वळलेत. त्यातल्या एकाने माझ्याकडे असं पाहिलं की घरी येऊन जेवण गेलं नाही. मालकाला फोन केला. म्हणाला, घेऊन जा, फक्त कुठे फोटो टाकू नका.

संयोगिताने (पत्नी) विचारलं, "आवं, घोड्यातलं तुमाला काय कळतंय?" मेरठला मी दोन वर्षं घोड्यांच्या युनिटमध्ये होतो. स्टोअरला होतो, पण स्टोअरची खिडकी तबेल्याकडे उघडायची.

निर्धार: २६ जानेवारीला शाळेच्या झेंडावंदनाला दोन्ही घोडे संचलन करतील. लगाम माझ्या हातात. छप्पन्न दिवस आहेत. भरपूर झाले.

४ डिसेंबर, बुधवार. संध्या. ७.००
आगमन. दोन छोटे घोडे एका छोट्या हत्तीतून आले. टेम्पोवाला रस्ताभर हसत होता म्हणे. निम्मं गाव जमलं.

नावं ठेवली. तांबडा तो तुफान, पांढरी ती तोफ. संयोगिता एकदाच खाली वाकली आणि म्हणाली, उलटं झालंय, तांबडी घोडी हाय आणि पांढरा घोडा. मला माहीत होतं. नावं वहीत चढली आहेत, आता बदल नाही.

तोफ उतरताच दावं हिसडून उसात घुसला. शोधपथक (मी) दोन तास फडात. पाल्याने कान कापला. तोफ गैरहजर.

संयोगिताच्या आत्या दगडाबाईंनी कवठे महांकाळहून व्हिडिओ कॉल केला. घोडी बघून म्हणाल्या, "मोकळं जनावर हाय, माज्या मेंढरांत सोडा. कुसळं खाईल आन् ऱ्हाईल." मी हसलो. त्यांच्या माळावर दगड आणि कुसळं सोडून दुसरं पीक नाही. आमची बारमाही बागायत. उपाशी जनावर बागायतीत आणतात, माळावर नेत नाहीत.

७ डिसेंबर, शनिवार
रहिमानभाई नालबंद आले. वय सत्तर, हात तिशीचे. तासाभरात चारी खूर कापून, घासून सरळ केले. टोपलीभर खूर निघाला. तुफान दोन पावलं टाकून थांबली, परत दोन टाकली, मग अंगणभर चालली. पायाखाली जमीन नव्याने सापडल्यासारखी. मी दोनदा नाक शिंकरलं. सर्दी असेल.

जाताना रहिमानभाई म्हणाले, "सुभेदार, कोरडी वैरण द्या. लय लाड नका करू. ही जात थोडक्यात भागिवणारी असती." चांगला माणूस, पण त्यांचा सगळा अनुभव बैलांचा. मी चोवीस वर्षं रेशन मोजलंय. उपाशी पोट समोर ठेवून कोरडी वैरण म्हणजे शिक्षा झाली.

खुराकाचं स्केल, म्हणजे कधी काय किती, ठरवलं आणि गोठ्याच्या दाराला चिकटवलं. सकाळी भिजवलेले हरभरे. दुपारी उसाचं हिरवं वाडं, खाईल तितकं. संध्याकाळी काकवीत कालवलेला भुसा. वर गुळाचा खडा, शिस्त पाळल्यास. न पाळल्यास पाळावी म्हणून.

१५ डिसेंबर, रविवार
तुफानच्या बरगड्या दिसेनात. आठ दिवसांत! रहिमानभाईंना कळवायला हवं.

तोफ कॅनॉलच्या पलीकडे दिसला. बांधावरचं वाळकं गवत खात होता. खुराकाची बादली दाखवली, नाव घेऊन हाक मारली. पळाला. त्याचं नशीब.

माझी शुगर २१२. मशीन जुनं झालंय.

२४ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ६.४०
ड्रिल उत्तम. मी पुढे चालतो, तुफान मागून येते. खिशात गूळ नसला तर येत नाही, पण ही सुरुवात आहे.

गुऱ्हाळातून आणलेली ढेप अर्ध्यावर आली म्हणून संयोगिताने चौकशी मांडली. म्हटलं, घोडी खाते. खरंच खाते. एक खडा ती, एक मी. खुराकाची चव तपासणं स्टोअरवाल्याचं काम असतं.

आज तिने आपणहून कपाळ माझ्या मांडीला टेकवलं आणि डोळे मिटले. मी दहा मिनिटं हललो नाही. पायसुद्धा हलला नाही. शिवतेज (चिरंजीव) दर रविवारी पुण्याहून फोन करतो, आईला. मला विचारतो, बरं आहे ना? मी म्हणतो, बरं आहे. संपलं. पण माझ्याकडे येऊन असं कुणी टेकतं, हे इथे लिहून ठेवतो.

५ जानेवारी २०२५, रविवार
तुफानच्या मानेवर वरच्या बाजूला जाड वळकटी आली आहे. रुबाब दिसतो.

नवीन प्रगती. पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून, मागे रेलून उभी राहते. मी शिकवलेलं नाही. 'विश्राम'ची पोझिशन स्वतःहून घेतली. जातिवंत रक्त.

११ जानेवारी, शनिवार
खुरांना हात लावला तर चटका बसावा इतके गरम. खुराक अंगी लागतोय, रक्त खालपर्यंत पोचतंय.

चालायचा मात्र कंटाळा करते. लाडावली. उद्यापासून कडक धोरण. आज थंडी आहे.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. आळीतल्या सगळ्या बायका वाण घेऊन आल्या आणि तुफानला बघून पाघळल्या. प्रत्येकीने तिला तिळगूळ भरवला, गोड बोल म्हणाल्या. एकूण एकोणीस घरं. मी नको म्हणणार होतो, पण सणाला दारात आलेल्या माणसाचा हात कसा मागे सारायचा? शिवाय सगळ्या जणी म्हणत होत्या, सुभेदारांनी घोडीचं लय केलं. तसं कुणी मधमाश्यांच्या वेळी म्हटलं नव्हतं.

संयोगिता तेवढी म्हणाली, "तिला पाय टाकवंना. मला काय बरं दिसत न्हाई." बायकांना परेडचं टेन्शन येतं.

१७ जानेवारी, शुक्रवार
तुफान दिवसभर बसून. उठवली तर उठते, थरथरते, परत बसते. संप पुकारलाय. प्रोत्साहन म्हणून गूळ दुप्पट.

२२ जानेवारी, बुधवार
तालीम नाही. परवा करू.
संयोगिता डॉक्टर बोलवा म्हणते. २६ नंतर बोलवू. आधी बोलवलं तर डॉक्टर विश्रांती सांगतात, हा माझा अनुभव आहे.

२६ जानेवारी, रविवार. दुपारी १.००
लिहायला नको वाटतंय. तरी नोंद करतो.

पहाटे फेटा बांधला, मेडल लावली, गोठ्यात गेलो. तुफान आडवी. लगाम दाखवला. गूळ दाखवला. उठली नाही. गूळ तिने तोंडातही घेतला नाही.

एकटाच शाळेत गेलो. हेडमास्तरांना सांगितलं, घोडी दमली आहे. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत सुरू झालं आणि मागच्या फाटकातून तोफ आत आला. त्रेपन्न दिवस गैरहजर. अंग काचेसारखं, पोट आत, पाय खणखणीत. झेंड्याजवळ आला, राष्ट्रगीत संपेपर्यंत मान वर करून उभा राहिला. मग व्यासपीठाची झेंडूची माळ खाल्ली, हेडमास्तरांच्या खुर्चीभोवती दुडक्या चालीने एक फेरी मारली आणि आल्या वाटेने गेला. टाळ्या थांबेनात. सरपंचांनी माईकवर सांगितलं, याला म्हणतात मिलिटरीची शिस्त. मी हात जोडले. सत्कार घेतला. शाल बरी आहे.

घरी येऊन शाल तुफानवर घातली. तिच्या नाकपुड्या भात्यासारख्या चालल्या होत्या. रहिमानभाईंना फोन केला. ते जेवणावरून उठून आले. एकेका खुरावर हात ठेवला. मग दारावरचं माझं स्केल वाचलं, सावकाश, वरपासून खालपर्यंत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टरचा नंबर त्यांनीच लावला.

२७ जानेवारी, सोमवार
डॉ. पूजा तालुक्याहून आल्या. आमच्या सुनेच्या वयाच्या. म्हणाल्या, खुराच्या आतलं हाड सुटायला लागलंय. कशाने, विचारलं. म्हणाल्या, गोडाने. हरभरे, गूळ, काकवी, वाडं. ही बारकी घोडी कमी खाण्यावर जगते. एवढी साखर तिच्या खुरात उतरते. विश्रामची पोझिशन वेदनेची होती. पुढच्या खुरांवर भार नको म्हणून ती मागे रेलायची. खूर गरम होते ते आतून सुजल्यामुळे.

मी म्हटलं, उपाशी होती हो ती. बाई म्हणाल्या, "काका, उपाशी होती तेव्हा लंगडत नव्हती."

हे वाक्य मी दिवसभर खोडायचा प्रयत्न करतोय. जमत नाही.

इंजेक्शन, खाली मऊ वाळू, बर्फाचं पाणी. गोड पूर्ण बंद, हिरवं बंद, फक्त वाळकं निकस गवत. बरी झाल्यावर रोज थोडं चालवायचं. महिन्यात उतार पडला नाही आणि हाड आणखी फिरलं तर तिला कायमची झोपवावी लागेल. जाताना त्यांनी माझ्या सुटलेल्या पोटाकडे पाहून विचारलं, तुमची शुगर किती? म्हटलं, नॉर्मल. आतून संयोगिताने आकडा ओरडून सांगितला.

उपासमारीतून मीच तिला सोडवून आणली आणि मीच तिचे पाय घालवले. दुसऱ्या कुणाचं नाव इथे लिहिता येत नाही. संक्रांतीच्या बायकांचं लिहून पाहिलं, खोडलं.

३० जानेवारी, गुरुवार
चार दिवस निकस गवत शोधतोय. पाच गावं फिरलो. प्रत्येक जण म्हणतो, सुभेदार, गवत कशाला, फडातलं वाडं उचला की, फुकट हाय. आमच्या पट्ट्यात जनावराला उपाशी ठेवायची सोय नाही.

शेवटी कॅनॉलपलीकडच्या बांधावर विळा घेऊन गेलो. तोफ तिथेच चरत होता. आम्ही दोघांनी एकाच बांधाचं गवत काढलं, त्याने तिकडून, मी इकडून. त्याने वर बघितलंसुद्धा नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
संयोगिताने मला न विचारता दगडाबाईंना फोन केला. टेम्पोत वाळू अंथरली. डॉ. पूजा म्हणाल्या, सावकाश न्या. मी वाटेत चारा म्हणून काय द्यायचं ते विचारलं. सगळे एकदम म्हणाले, काही नाही.

सकाळी निघालो, पोचायला दुपार टळली. दगडाबाई फाटकापाशी उभ्या. मी खुराकाचं सुधारित स्केल दिलं. त्यांनी त्याची घडी घालून चुलीत सारली. मला चहा दिला, बिनसाखरेचा, आणि त्याच टेम्पोतून परत पाठवला.

९ फेब्रुवारी, रविवार. पहाटे ५.००
उठलो. हरभरे भिजवायचे नव्हते. परत झोपलो. झोप आली नाही. गोठा झाडला. म्हशीने विचित्र पाहिलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
दगडाबाईंना फोन. उभी राहते का? "ऱ्हाती." चालते का? "बघू." एवढंच. डॉक्टरपेक्षा कमी बोलतात. महिन्याला अकरा दिवस उरले. दिवसातून सहा वेळा फोन हातात घेतो, दोनदाच लावतो. हा संयम आहे.

गूळ सोडला. कायमचा.

१९ फेब्रुवारी, बुधवार
आजपासून सोडला.

२ मार्च, रविवार. कवठे महांकाळ. संध्या. ६.३०
महिना उलटून तीन दिवस. राहवलं नाही. एसटीने आलो, सांगलीत बदलली. खिशात गुळाचे चार खडे. वाटेत चक्कर आली तर असावेत म्हणून, माझ्यासाठी. येईपर्यंत दोन चकरा आल्या.

माळावर मेंढरं पांगली होती आणि त्यांच्यात तांबडी पाठ. अंग उतरलंय. मानेवरची वळकटी निम्मी झाली आहे. मी हाक मारली, "तुफान!" तिने मान वर केली. आणि आली. चालत आली, दगडधोंड्यांतून, इतक्या लांबून, माझ्याकडे. मेरठपासून आजवर मला बघून असं कुणी आलेलं नाही.

थेट खिशात तोंड घातलं.

मागून दगडाबाई म्हणाल्या, "जावई, खिसा रिकामा करा." केला. दोन्ही खडे त्यांनी घेतले. मी मोकळा हात तुफानपुढे धरला. तिने हुंगला, उलटासुलटा हुंगला, गूळ नाही म्हटल्यावर फुरफुरली आणि वळून मेंढरांत निघून गेली.

मी तिचे पाय बघत होतो. एकदाही लंगडली नाही. माझ्या डोळ्यात कुसळ गेलं. दोन्ही डोळ्यांत.

दगडाबाई बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. घोडी आली त्या दिवशी घोडीकडे बघत होत्या, तशा. मग म्हणाल्या, "तुमीबी ऱ्हावा म्हैनाभर. हितं खायाला काय मिळत न्हाई."

मी म्हटलं, मला गावी कामं आहेत. कुठली, त्यांनी विचारलं. मी विचार केला. पाय हलत होता तो थांबला.

संयोगिताचा फोन आला. मला नाही, आत्याला. दोघी बराच वेळ हसल्या. माझी कपड्यांची पिशवी उद्याच्या एसटीने येते आहे. ती म्हणे कालच भरून ठेवली होती.

जेवण: अर्धी भाकरी, ताक, कांदा. उद्या सकाळी सहाला माळावर जायचं. मेंढरं पुढे, मग तुफान, शेवटी मी. लगाम नाही.